अपेक्षांचे ओझे

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात अड्यार नदी बंगालच्या उपसागराला मिळते. नदीच्या मुखाजवळ थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण, वृक्षांनी भरलेले आवार आहे. १८८२ पासून या संस्थेचे मुख्यालय अड्यारलाच आहे. जानेवारी १९०९ मध्ये नारायणय्या नावाचे निवृत्त सरकारी कर्मचारी संस्थेत काम करण्यासाठी आपल्या मुलांसह येथे आले. त्यांतील कृष्णमूर्ती तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याच्या आईचे छत्र १९०५ मध्येच हरपले होते. मलेरियाने त्याचे शरीर खंगले होते. पुस्तकी अभ्यासात त्याचे मन रमत नसे. शिक्षकांनी त्याला मंदबुद्धी ठरवले होते आणि छडीचा मारही त्याच्या वाट्याला येत असे.

काही महिन्यांतच सारे बदलले. समुद्रकिनाऱ्यावर या मुलाला पाहून संस्थेचे एक प्रमुख सदस्य लेडबीटर यांनी त्याच्याविषयी मोठे भाकीत केले. हा मुलगा पुढे जगाचा गुरू होईल, असे मानले जाऊ लागले. काल ज्याला मठ्ठ म्हटले जात होते, त्याच्यापुढे आज मोठी माणसे नतमस्तक होऊ लागली. मुलगा मात्र तोच होता. दोन्ही मते इतरांची होती आणि दोन्हींचे ओझे त्यालाच वाहायचे होते.

त्याची शाळा सुटली. जेवण, पोशाख, व्यायाम, इंग्रजी बोलणे, सर्वांचे वेळापत्रक ठरले. १९११ मध्ये त्याच्यासाठी एक स्वतंत्र संघ स्थापन झाला आणि अ‍ॅनी बेझंट यांनी त्याला इंग्लंडला नेले. तेथे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत तो वारंवार अनुत्तीर्ण झाला. इकडे मुलांचा ताबा परत मिळावा म्हणून वडिलांनी १९१२ मध्ये न्यायालयात दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. मुलांची स्वतःची इच्छा कोणी विचारलीच नव्हती, हे त्या वेळी स्पष्टपणे नोंदवले गेले.

किशोरवयातील पुष्कळसा ताण याच न विचारण्यातून जन्माला येतो. प्रत्येक मुलाला जगाचा गुरू व्हायचे नसते. पण कोणाला घरातला पहिला डॉक्टर व्हायचे असते, कोणाला शेजारच्या मुलाइतके गुण आणायचे असतात, तर कोणाला दिवसभर राबून रात्री पुस्तक उघडायचे असते. एकदा नापास झालेल्या मुलावर बसलेला शिक्का त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहतो.

ताण ही मुळात शरीराची स्वसंरक्षणाची व्यवस्था आहे. संकटाची चाहूल लागताच अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात, हृदयाची धडधड वाढते, श्वास जलद होतो. परीक्षेच्या दिवशी अशी थोडी सावधता उपयोगी पडते. मात्र ही अवस्था महिनोन्‌महिने टिकली, तर झोप उडते, भूक मंदावते, चिडचिड वाढते आणि पाठ केलेलेही आठवत नाही. अशा वेळी मुलाला आळशी म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला पळावयास सांगणे होय.

यावरचे उपाय साधे आहेत. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप लागते. तिला फाटा देऊन केलेला अभ्यास टिकत नाही. रोजचे चालणे, खेळणे किंवा अंगमेहनत मन हलके करते. कोणती इच्छा आपली आणि कोणती इतरांनी लादलेली, हे कागदावर लिहून पाहिले, तरी पुष्कळ गुंता सुटतो. सर्वांत मोठा आधार विश्वासाच्या माणसाचा असतो. कृष्णमूर्तींना तो धाकटा भाऊ नित्यानंद याच्या रूपाने लाभला होता. १९२५ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले, तेव्हा ते अतिशय खचले. जवळ असे कोणी नसेल, तर भारत सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर केव्हाही मन मोकळे करता येते. तसे करण्यात कोणताही कमीपणा नाही.

३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, सुमारे तीन हजार अनुयायांसमोर, कृष्णमूर्तींनी आपल्यासाठी उभारलेला तो संघ विसर्जित केला. त्या वेळी ते चौतीस वर्षांचे होते. पुढे १९८६ मध्ये निधन होईपर्यंत ते मुलांशी आणि शिक्षकांशी भीतीविषयी बोलत राहिले. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये, असा त्यांचा आग्रह होता. इतरांच्या अपेक्षा खाली ठेवावयास त्यांना वीस वर्षे लागली. आजच्या मुलांना इतका काळ लागू नये, यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न वेळेवर विचारला पाहिजे : “बाळ, तुला काय वाटते?”