घराची मोजदाद

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री लागते. मका, कापूस आणि अद्रक यांच्या खरेदी-विक्रीवर येथील दुकाने वाढली. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी अनेक व्यापारी कुटुंबांनी शहरात बिऱ्हाड केले, दुकान मात्र गावातच राहिले. सकाळी यायचे, दिवेलागणीला परतायचे, असा क्रम पडला. या क्रमात वडिलार्जित घर तेवढे पोरके झाले. बंद घराला वाळवी लागते, नळ गंजतात, उंदीर होतात. त्यापेक्षा कोणी राहते असावे आणि चार पैसेही यावेत, असा विचार मग बहुतेक घरांत होतो. विचार रास्त आहे. गफलत होते ती घर ताब्यात देण्याच्या घटकेला.

अशाच एका भुसार व्यापाऱ्याची ही हकीकत. वडिलांनी बांधलेले घर दगडी जोत्याचे, शहाबादी फरशीचे, सागवानी दाराचे. मागे आड आणि आडावर सावली धरणारा कडुनिंब. बांधकामाची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराने ते कुटुंबासह राहण्यासाठी मागितले. माणूस बोलायला नम्र, ओळखीच्यांनी आणलेला. दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेतले, स्टँप पेपरवर अकरा महिन्यांचा भाडेकरार झाला आणि दुकानाच्या गादीवर बसूनच किल्ल्या दिल्या गेल्या.

हेच गृहस्थ दुकानात कसे वागतात ते पाहण्यासारखे आहे. मक्याची गाडी आली की पोत्यांची मोजदाद होते, मूठभर दाणे हातावर घेऊन ओल पाहिली जाते, काट्यावरची पावती वहीला लागते. ओला माल निघाला तर भाव तुटतो किंवा गाडी परत जाते. काही हजारांच्या मालासाठी एवढी दक्षता आणि लाखांच्या घरासाठी एक वाक्य: “घर तुमचंच समजा.” करारात भाडे होते, अनामत होती, मुदत होती. घरात किती दारे, किती खिडक्या, फरशी कशी, नळ किती, झाड कोणते, याविषयी एक अक्षर नव्हते. बँका तारण मालावर कर्ज देतात तेव्हा गोदामात माणूस पाठवून माल वेळोवेळी मोजून घेतात, त्याचे विवरण मागतात. व्यापाऱ्यांना त्या तपासणीचा जाच वाटतो आणि तसे वाटणे स्वाभाविकही आहे. पण भाड्याने दिलेले घर हे दुसऱ्याच्या ताब्यातले आपले भांडवलच असते, हे या गृहस्थांच्या ध्यानात आले नाही.

अकरा महिन्यांमागचे कारण पुष्कळांना ठाऊक असते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी ही प्रथा पडली. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जेथे लागू आहे तेथे ही पळवाट उपयोगी पडत नाही. त्या कायद्याचे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. असा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचे चार पैसे वाचवणाऱ्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे.

मुदत संपली, भाडे येत राहिले, नवा करार झाला नाही. घरावरून रोज गाडी जात असे, पण दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये म्हणून हे गृहस्थ आत गेले नाहीत. पुढे महावितरणची थकबाकीची सूचना त्यांच्या नावाने आली तेव्हा ते गेले. अंगणात लोखंडी सळ्या आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचा ढीग होता. सिमेंट कालवण्याचे यंत्र आत घेता यावे म्हणून मागच्या खोलीची भिंत फोडलेली, सागवानी दाराची चौकट एका अंगाने कापलेली. बैठकीच्या फरशा सळ्यांच्या घावांनी तडकलेल्या. दोन खोल्यांत मजुरांची कुटुंबे राहत होती. आडात राडारोडा टाकलेला होता. आणि कडुनिंब नव्हता. त्याच्या जागी बुंधा होता, त्यावर कुणीतरी भांडी घासायची राख ठेवली होती.

घरी ही वार्ता सांगितल्यावर आईंनी भिंतीचे विचारले नाही, दाराचे विचारले नाही. “झाड कशाला तोडलं?” एवढेच त्या पुन्हा पुन्हा विचारीत राहिल्या.

रागात सुचणारे उपाय सर्वत्र सारखेच असतात. मुलगा म्हणाला, “पप्पा, उद्या माणसं घेऊन जाऊ, सामान रस्त्यावर काढू, आपलं कुलूप लावू.” मेहुण्यांनी वीज आणि पाणी तोडण्याचा सल्ला दिला. त्या रात्री हे गृहस्थही त्याच मताचे झाले होते. अडवले ते आईंनी. “लेकरं आहेत त्या घरात. पाणी तोडायचं नाही,” असे त्या म्हणाल्या आणि विषय तेथेच थांबला. करुणेपोटी त्यांनी जे सांगितले तेच कायदाही सांगतो. १९९९ च्या कायद्याचे कलम २९ पुरेशा कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई करते आणि तसे करणे दंडनीय ठरवते. शिवाय १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम ६ असे आहे की, कायद्याचा मार्ग सोडून कुणाला बळाने बाहेर काढले, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. त्या दाव्यात घराची मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही. भिंत फोडणारा माणूस अशा वेळी फिर्यादी होतो आणि घरधनी आरोपीसारखा उभा राहतो. असे प्रसंग सधन घरांतही घडतात, कारण सधन माणसाला आपल्या घरात जायला परवानगी कशाला, असे मनापासून वाटत असते.

दुसऱ्या दिवशी ते वकिलांकडे गेले. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो गावाचा. भाडे नियंत्रण कायदा सरसकट सगळीकडे नाही. त्याच्या अनुसूचींत जी गावे-शहरे आहेत तेथेच तो चालतो, बाकी ठिकाणी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. पण नासधुसीच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच जागी येतात. १८८२ च्या कायद्याचे कलम १०८, खंड ओ, भाडेकरूला सांगते की, शहाणा माणूस स्वतःची वस्तू वापरतो तशी ही वापर. ज्या कामासाठी घेतली त्याखेरीज दुसऱ्या कामाला लावू नकोस. झाडे तोडू नकोस, इमारत पाडू वा बिघडवू नकोस. झाडाचा उल्लेख कायद्यातच आहे हे ऐकून गृहस्थांना बरे वाटले. १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये ताबा मागण्याचे जे पहिलेच कारण दिले आहे, ते या खंड ओ चा भंग हेच.

त्याच कलमाच्या खंड एम कडे लोकांचे लक्ष जात नाही. घर मिळाले तशा स्थितीत राखणे आणि परत देणे हे भाडेकरूचे कर्तव्य. वापराने होणारी साधारण झीज तेवढी वगळायची. घरमालकाला वाजवी वेळी आत येऊन पाहण्याचा अधिकार आहे, आणि बिघाड भाडेकरूच्या कृतीने झाला असेल तर नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्याने तो दुरुस्त करून द्यायचा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या संसारात डोकावू नये म्हणून जे गृहस्थ वर्षभर बाहेरून गेले, त्यांना आत जाण्याचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. कळवून, दिवसाउजेडी, दोन महिन्यांतून एकदा जरी पाहिले असते तरी भिंत फुटण्याआधी सळ्या दिसल्या असत्या.

नोटीस गेली. दुरुस्तीची मागणी, वापर बदलल्याची तक्रार, आणि मुदत संपून महिन्यामागून महिना चाललेले भाडे कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांच्या सूचनेने संपवल्याचे निवेदन, असे तिन्ही तीत होते. ठेकेदाराचे उत्तर आले आणि ते अगदीच पोकळ नव्हते. त्याचे म्हणणे असे की, भिंत आधीच ओलीने फुगून कमकुवत झाली होती, फरशा आधीच तडकलेल्या होत्या, छत दोन पावसाळे गळत आहे आणि सांगूनही दुरुस्त झाले नाही. नंतर समोरासमोर भेट झाली तेव्हाही तो शांतपणे म्हणाला, “शेठ, पाऊस तुमच्या छतातून येतो. त्याचं बिल मला कसं लावता?”

छत खरोखरच गळत होते. घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ ने घरमालकावर टाकली आहे, आणि भाडेकरूने स्वयंपाकाचा ओटा घातला, लाकडी आडोसा केला किंवा हवेसाठी खिडकी काढली, तर एवढ्याने तो दोषी होत नाही, असेही तोच कायदा म्हणतो. मराठवाड्यात त्याआधी १९५४ चा हैदराबादचा भाडे कायदा होता, मुंबईकडे १९४७ चा, विदर्भात वेगळाच. ३१ मार्च २००० पासून हे तिन्ही जाऊन एक कायदा आला. मुंबईच्या जुन्या कायद्याने भाडी जुन्या दरांवर गोठवून ठेवली होती. त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले, असा निर्णय दिला. अल्प भाड्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती खचल्या, हा मुंबईचा अनुभव. घर नासते ते दोन्ही हातांनी, आणि ठेकेदाराच्या उत्तरात तेवढे सत्य होते.

आता प्रश्न उरला पुराव्याचा. घर देताना फरशा अखंड होत्या, हे दाखवायचे कशावरून? इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून राहत्या घराची अनामत मान्य योजनेखाली सुरक्षित ठेवावी लागते आणि वाद झाल्यास घरात शिरतानाची यादी व सोडतानाची यादी शेजारी ठेवून निवाडा होतो. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती भाडेकरूची याचे परिशिष्ट दिले आहे: रंगरंगोटी आणि इमारतीची मूळ दुरुस्ती मालकाकडे, नळाचे वायसर, विजेची बटणे, खिडकीची काच, तुंबलेली मोरी भाडेकरूकडे. पण राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा चालत नाही. वकिलांनी त्यातली विभागणी केवळ बोलणीसाठी समोर ठेवली.

पुरावा सापडला तो कपाटात. पुतणीचा साखरपुडा याच घरात झाला होता, किल्ल्या देण्यापूर्वी चारच महिने. अल्बममध्ये बैठक होती, पाहुण्यांच्या पायांखालची फरशी होती, सुनांच्या मागे मागच्या खोलीची भिंत होती आणि आडाजवळ कडुनिंबाखाली मांडलेली पंगत होती. छायाचित्रकाराकडे मूळ फाइली तारखांसह शिल्लक होत्या. त्याच छायाचित्रांत छताच्या एका कोपऱ्यात ओलीचा पिवळा डागही होता. मुलाने ते छायाचित्र बाजूला काढले. गृहस्थांनी ते परत गठ्ठ्यात ठेवले.

कदाचित त्यामुळेच गोष्ट दाव्यापर्यंत गेली नाही. वकिलांच्या कचेरीत दोघांनी मिळून छायाचित्रे पाहिली. ठेकेदार डागाच्या छायाचित्रावर बराच वेळ थांबला आणि मग त्याने फरशांविषयीचा हट्ट सोडला. छत आणि भिंतीचा गिलावा मालकाचा. भिंतीचे बांधकाम, चौकट, फरशा, आडाचा उपसा आणि विजेची थकबाकी ठेकेदाराची, असे ठरले. भिंत त्याने स्वतःची माणसे लावून बांधून दिली आणि ती चांगली बांधली. फरशांसाठी अनामत वळती झाली. ती अपुरी पडली आणि उरलेली रक्कम अजूनही वहीत येणे आहे. चौकटीला सांधा लावला, तो दिसतो. कडुनिंबाचा दर ठरवताना दोघेही गप्प बसले. सरपणाच्या भावाने त्याची किंमत काढणे आईंना सांगता आले नसते, म्हणून तो विषय कागदावर आला नाही. मजुरांच्या कुटुंबांना दुसरी जागा मिळेपर्यंत पंधरा दिवस अधिक दिले गेले. मुलाला ते पटले नाही, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चूक नव्हते.

घर रिकामे झाल्यावर गृहस्थांनी प्रथम छत दुरुस्त करून घेतले. नंतर एका शाळेतील शिक्षकांनी घर मागितले. या वेळी करार नोंदवायचा ठरला आणि त्याला जोडायची यादी करण्यासाठी आईंना गाडीने फुलंब्रीला नेले. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या, नातू लिहीत होता: दर्शनी दार सागवानी, उजवी चौकट सांधलेली, कोयंडे दोन, पितळी, बैठकीत फरशा बेचाळीस, त्यांतल्या नऊ नव्या, नळ पाच, आडाला लोखंडी झाकण, कड्या दोन. शिक्षक आणि त्यांच्या पत्नी सोबत फिरून प्रत्येक वस्तूपुढे खूण करीत होते. आडापाशी आल्यावर आईंनी बुंध्याच्या कडेने फुटलेले कोंब दाखवले आणि नातवाला म्हणाल्या, “हेही लिही. कडुनिंब, उंची हातभर.”