बाप मागाहून ठरला

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक लहानसें युद्ध झालें आणि त्यांत आमचा पुरता पराभव झाला. प्रतिपक्षास आमची धाकटी कन्या होती, आणि वादाचा विषय होता 'स्टार वॉर्स' ही अमेरिकन चित्रपटमालिका. ज्यानें सारी हयात शेक्सपिअर आणि डिकन्स शिकविण्यांत घालविली, त्यानें तारकामंडळांतल्या आतषबाजीपुढें रात्रीमागून रात्री कां बसावें, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. आमच्या कुटुंबानेंहि तो विचारला होता. उत्तर इतकेंच कीं, बैठकीच्या खोलींतला टीव्ही आतां आमच्या सत्तेखालीं राहिलेला नाहीं.

पहिली रात्र आम्ही नाक मुरडीत काढली. दुसऱ्या रात्रीं 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा १९८० सालचा भाग संपत आला. काळा मुखवटा चढविलेला, भात्यासारखा श्वास टाकणारा डार्थ वेडर हा खलपुरुष. त्याच्यासमोर, नुकताच हात तुटलेला, खोल पोकळीच्या कडेला लोंबकळणारा तरुण ल्यूक. आपल्या बापाला याच वेडरनें मारलें अशी ल्यूकची समजूत. आणि वेडर त्यास सांगतो कीं, तुझा बाप मीच. आम्ही खुर्चींत ताठ बसलों. इतका वेळ मिटलेलें आमचें प्राध्यापकी तोंड तत्काळ उघडलें. "याला म्हणतात संविधानक! पहिली ओळ लिहितांनाच लेखकानें ही गांठ मनांत बांधून ठेवलेली असली पाहिजे."

कन्या हंसली. "बाबा, पहिला चित्रपट आला तेव्हां वेडर त्याचा बाप नव्हताच. तें मागाहून ठरलें."

हें वाक्य आम्हांस जिव्हारीं लागलें, आणि कां लागलें हें समजण्यास आमचा एक सिद्धांत वाचकांस ठाऊक असावयास हवा. गेलीं सत्तावीस वर्षें आम्ही वर्गांत सांगत आलों आहों कीं, शेवट ठाऊक झाल्यावांचून कथेचें पहिलें वाक्य लिहूं नये. ॲरिस्टॉटलच्या आदि-मध्य-अंताची साक्ष काढून, फळ्यावर खडूनें कमान रेखाटून आम्ही तो पटवीत आलों. या सिद्धांतानें एकदां आमच्या हातून एक गोष्टहि घडविली. ती पुढें सांगूं. तूर्त इतकेंच कीं, मुलीला खोटें पाडण्याच्या इराद्यानें आम्हीं त्या मालिकेच्या लेखनाचा इतिहास वाचावयास घेतला.

या मालिकेचा कर्ता जॉर्ज ल्यूकस हा कॅलिफोर्नियांतील मोडेस्टो गांवचा, जन्म १९४४ चा. बाळपणीं पाहिलेल्या 'फ्लॅश गॉर्डन' या आकाशवीराच्या साहसांवर चित्रपट काढण्याची त्याची हौस होती. हक्क मिळेनात, तेव्हां आपलाच आकाशवीर निर्माण करावा असें त्यानें ठरविलें आणि १९७३ च्या जानेवारींत तो लिहावयास बसला. पहिलें फळ म्हणजे अवघीं दोन पानें. तीं विलक्षण नांवांनीं इतकीं गजबजलेलीं कीं, त्याच्या स्वतःच्या प्रतिनिधीलाहि त्यांतून अर्थ काढतां येईना. मे महिन्यांत त्यानें तेरा-चौदा पानांचा आराखडा केला. त्याचा सांगाडा अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाच्या 'दि हिडन फोर्ट्रेस' या १९५८ च्या चित्रपटावरून सरळ उचललेला होता. शत्रूच्या मुलखांतून राजकन्येला सुखरूप नेणारा एक सेनापति, आणि त्यांच्याबरोबर फरफटत जाणारे दोन भांडखोर गांवढळ. या आराखड्यांत ल्यूक स्कायवॉकर हें नांव आहे. पण तें त्या सेनापतीचें! युनायटेड आर्टिस्ट्स व युनिव्हर्सल या दोन्ही कंपन्यांनीं नकार दिला. अखेर ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सच्या ॲलन लॅड यांनीं होकार दिला, तो बहुधा कागदाकडे न पाहतां माणसाकडे पाहून दिलेला असावा.

१९७४ च्या मे महिन्यांतला पहिला खर्डा आजच्या प्रेक्षकापुढें ठेवला तर तो चक्रावून जाईल. नायकाचें नांव ॲनिकिन स्टारकिलर. हॅन सोलो, ज्यावर आमची कन्या आणि तिच्या मैत्रिणी एवढ्या खुष आहेत, तो हिरव्या कातडीचा, माशासारखे कल्ले असलेला प्राणी. डार्थ वेडर हा साम्राज्याचा एक दुय्यम सेनापति. मुखवटा नाहीं, कीं गूढ नाहीं. आणि नायकाचा बाप केन हा एक निराळाच, सत्पक्षाचा योद्धा, ज्याचें बहुतेक शरीर यंत्रांचें झालेलें आहे. वाचकांनीं ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवावी. बाप आहे, यंत्रदेह आहे, वेडर आहे. परंतु हीं तिन्हीं एका ठिकाणीं यावयास अजून चार वर्षें अवकाश आहे.

पुढील खर्ड्यांत नायक ल्यूक झाला. १९७५ मध्यें मधले कांहीं दिवस तर नायकाची नायिकाच झाली होती, आणि तसें एक चित्रहि काढून झालें होतें. हें सारें तो गृहस्थ पेन्सिलीनें, हातानें लिहीत असे. संवाद हें त्याचें मर्म नव्हे. शेवटीं विलर्ड हाइक आणि ग्लोरिया कॅट्झ या मित्रदंपतीनें त्यांवर हात फिरविला. तरीहि हॅरिसन फोर्ड या नटानें तक्रार केलीच कीं, असलें कांहीं टंकयंत्रावर बडवितां येतें, तोंडानें म्हणतां येत नाहीं. हें वाचून आम्हांस उगीचच समाधान झालें.

आम्हांस सर्वांत अधिक खिळवून ठेवलें तें मुखवट्याच्या कथेनें. राल्फ मॅक्वारी नांवाचा चित्रकार १९७५ सालीं या कथेंतील प्रसंगांचीं चित्रें काढीत होता. वेडर एका यानांतून दुसऱ्या यानांत शिरतो असा एक प्रसंग होता. चित्रकाराच्या मनांत साधी व्यवहारी शंका आली: मधल्या निर्वात पोकळींत हा माणूस श्वास कसा घेईल? म्हणून त्यानें वेडरच्या तोंडावर श्वसनयंत्राचा मुखवटा चढविला. तो प्रसंग पुढें राहिला नाहीं, मुखवटा राहिला. मुखवटा राहिला म्हणून श्वासाचा तो भयंकर आवाज आला. आवाज आला म्हणून याच्या देहाला कांहीं घोर दुखापत झाली असली पाहिजे असें झालें. आणि मुखवट्याआड चेहरा आहे म्हटल्यावर तो कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतांहि तेथें येऊन उभा राहिला. ज्या गांठीपुढें आम्ही खुर्चींत ताठ बसलों होतों तिचें मूळ एका चित्रकाराच्या पडशाखोकल्याच्या काळजींत असावें, हें कोणत्या साहित्यशास्त्रांत सांगितलें आहे?

१९७६ च्या मार्चमध्यें ट्युनिशियाच्या वाळवंटांत चित्रण सुरू झालें तेव्हांहि नायकाचें आडनांव स्टारकिलरच होतें. स्कायवॉकर तें चित्रण चालू असतांना झालें. केनोबी या वृद्ध गुरूचा मृत्यूहि असाच आयत्या वेळीं ठरला. वेडरशीं द्वंद्व झाल्यावर या म्हाताऱ्याला पुढें करण्यासारखें कांहींच उरत नाहीं, हें ध्यानीं आलें, तेव्हां ल्यूकसची पत्नी मार्सिया हिनें सुचविलें कीं त्याला मरूं द्यावें. ती भूमिका करणारे सर ॲलेक गिनेस रुष्ट झाले, आणि त्यांत नवल नाहीं. आज त्या मृत्यूवांचून ती कथा आम्हांस कल्पितांहि येत नाहीं.

२५ मे १९७७ रोजीं चित्रपट लागला, तो पहिल्या दिवशीं चाळिसांहूनहि कमी चित्रगृहांत. पुढें काय झालें तें जगजाहीर आहे. आमच्या विषयास महत्त्वाचें हें कीं, त्या चित्रपटांत केनोबी ल्यूकला स्पष्ट सांगतो, वेडरनें तुझ्या बापाला मारलें. यांत त्या वेळीं कांहीं श्लेष होता असें दिसत नाहीं. कारण दुसऱ्या भागाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट या लेखिकेनें १९७८ च्या फेब्रुवारींत पुरा केला. ही वैज्ञानिक कादंबऱ्यांची जुनी लेखिका, 'दि बिग स्लीप' या १९४६ च्या चित्रपटाच्या लेखकांपैकींहि एक. तिच्या खर्ड्यांत ल्यूकच्या मृत पित्याचा आत्मा पुत्रासमोर येऊन उभा राहतो. आणि वेडर वेगळाच आहे! खर्डा दिल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, मार्चमध्यें, ती कर्करोगानें वारली. तिला बोलावून फेरलेखन करवून घेणें आतां शक्य नव्हतें. ल्यूकस स्वतःच लिहावयास बसला, आणि त्याच वसंत ऋतूंत, त्याच्या हातच्या खर्ड्यांत, वेडर म्हणाला कीं मी तुझा बाप.

त्या टेबलाशीं नेमकें काय घडलें असेल, याचा विचार आम्ही कित्येक दिवस करीत आहों. दोन पितृतुल्य भुतें एकाच कथेंत झालीं होतीं, गुरूचें आणि बापाचें. त्यांतलें एक जास्तीचें. दुसरीकडे मुखवट्याआड चेहरा रिकामा. पहिल्या खर्ड्यांतला तो यंत्रदेही बाप कोठें तरी मागें पडून राहिला होताच. सुटे तीन धागे पांच वर्षें टोपलींत पडून असावेत आणि एके दिवशीं हात घातला कीं गुंता म्हणून एकत्रच वर यावेत, तसें कांहीं झालें असावें. पुढें लॉरेन्स कॅस्डन यानें पटकथा घोटली. गुपित इतकें जपलें गेलें कीं, चित्रणाच्या वेळीं वेडरच्या वेषांतल्या नटाला निराळेंच वाक्य दिलें होतें. खरें वाक्य मागाहून दुसऱ्याच्या आवाजांत घातलें.

मग केनोबीच्या जुन्या वाक्याचें काय? १९८३ च्या तिसऱ्या भागांत त्याचें भूत येऊन सांगतें कीं, तुझ्या बापांतला सज्जन वेडर झाल्याबरोबर मेला, म्हणजे एका दृष्टीनें आपण बोललों तें खरेंच. आम्हांस येथें अश्वत्थाम्याच्या वधाची बातमी देणारा धर्मराज आठवला. लेखकानें आपली चूक पात्राच्या पदरीं टाकली, आणि त्या योगें एका भाबड्या ऋषितुल्य म्हाताऱ्याला प्रथमच मनुष्यपण आलें. राजकन्या लेया ही ल्यूकची बहीण, हेंहि असेंच उशिरा ठरलें. १९७८ सालीं निघालेल्या ॲलन डीन फॉस्टर यांच्या कादंबरींत या दोघांमध्यें अनुराग दिसतो, आणि दुसऱ्या चित्रपटांतलें तें चुंबन तर आमच्या कुटुंबास अद्याप क्षम्य वाटत नाहीं. पहिल्या चित्रपटाच्या माथ्यावर 'चौथा भाग' अशी पाटी लागली तीहि १९८१ सालीं. पुढें स्वतः ल्यूकसच, सारी कथा आपल्यापाशीं आरंभापासून होती अशा थाटांत बोलूं लागला. यांत लबाडी असेलच असें आम्ही म्हणणार नाहीं. घर बांधून झाल्यावर मालकाला नकाशा पूर्वींपासून पाठ होता असें वाटूं लागतें.

आमच्या सिद्धांताची बाजू आम्हीं लढविली नाहीं असें नाहीं. योजनेवांचून लिहिणें इतकें फलदायी असेल तर २०१२ सालीं डिस्नेनें ही मालिका विकत घेतल्यानंतरचे तीन भाग, १५, १७ व १९ सालचे, असे विस्कळित कां? दोन दिग्दर्शकांनीं आळीपाळीनें ते केले आणि एकानें घातलेली गांठ दुसऱ्यानें कापली. कन्येला येथें उत्तर सुचेना. पण मग तिनेंच उलट विचारलें, कीं १९९९ पासून २००५ पर्यंतचे तीन भाग, ज्यांचा शेवट ल्यूकसला आणि साऱ्या जगाला आधींच ठाऊक होता, ते इतके रुक्ष कां? आमच्या नियमाबरहुकूम लिहिलेले तेवढे तेच! आम्ही गप्प बसलों. पुढें विचार करतां आम्हांस वाटतें कीं, प्रश्न योजनेचा नसावा. काल स्वतः लिहून बसलेलें वाक्य आज पुसतां येत नाहीं, लोकांनीं तें ऐकलें आहे. त्याच्याशीं इमान राखून पुढचें वाक्य शोधावयाचें, या अडचणींतून त्या माणसाला बाप सांपडला. नंतरच्यांना कालचें वाक्य परक्याचें होतें. हरिभाऊ आपटे 'करमणूकी'च्या अंकांअंकांतून कादंबऱ्या लिहीत, डिकन्स महिन्यामहिन्यास लिही. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट १८६१ सालीं तर त्यानें एका मित्राच्या सांगण्यावरून बदलला. हें आम्ही दरवर्षीं शिकवितों. शिकवितांना तें आमच्या सिद्धांताविरुद्ध आहे असें एकदांहि मनांत आलें नाहीं.

आतां ती राहिलेली गोष्ट. बारा वर्षांपूर्वीं दुसऱ्या वर्षाच्या वर्गांतला एक मुलगा कादंबरी लिहीत असल्याचें सांगत आला व आमच्याकडे वही देऊन गेला. आठवड्यानें तो आला तेव्हां आम्हीं विचारलें, शेवट काय? "सर, तो अजून मलाच ठाऊक नाहीं," तो म्हणाला. "मग वाचकाला कशाला शिणवितोस? शेवट ठरला कीं ये, तेव्हां वही ने," असें आम्ही बोललों, आणि स्टाफरूममधले दोघे सहकारी हंसले. तो पुन्हा आला नाहीं.

वही आमच्या कपाटांत होती. सुटींत ती काढून वाचली. एकेचाळीस पानें आहेत. अक्षर गिचमिड, पण गद्य जिवंत आहे. तेविसाव्या पानावर एक लंगडा पोस्टमन येतो, एक पत्र देतो आणि जातो. तो पुन्हा कोठें येत नाहीं. समासांत आमच्याच हातची तांबडी शाई आहे: "लंगडेपणाचें प्रयोजन काय?" आज आम्हांस तें खरोखरच जाणून घ्यावेंसें वाटतें. कॉलेजच्या कचेरींतून मुलाचा जुना पत्ता मिळाला. त्यावर पत्र टाकलें आहे. त्यांत क्षमा मागितली आहे, सल्ला कांहीं दिलेला नाहीं. फक्त विचारलें आहे कीं, त्या पोस्टमनचें पुढें काय झालें.