मागांचा खडखडाट

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात धंद्याची तेजी पेपरात वाचावी लागत नाही, ती ऐकू येते. अण्णा पहाटे अंथरुणातूनच कानोसा घेतात. एकाच मोठ्या कारखान्याचा आवाज येत असेल तर म्हणतात, "त्याला ऑर्डर मिळाली असेल." पण गल्लीतले सगळे माग बोलू लागले, की उठून बसतात, "आता खरी तेजी!"

हाच माणूस २०१८ साली फसला. ऑगस्टमध्ये सेन्सेक्सने ३८,००० चा आकडा ओलांडला, तेव्हा अण्णांनी दोन माग विकले आणि ते पैसे लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले. वर्षअखेरीस हिशेब निघाला. सेन्सेक्स वर्षभरात सुमारे ६ टक्के चढला होता; लहान कंपन्यांचा निर्देशांक सुमारे २३ टक्के उतरला होता. "बाजार वर, मग मीच कसा खाली?" अण्णा विचारीत. घरात कोणापाशीच उत्तर नव्हते.

ते मला यंदा ग्रंथालयात सापडले. सेन्सेक्स म्हणजे अवघ्या ३० कंपन्या. मुंबईच्या बाजारात तर हजारो आहेत. म्हणून जाणकार रोज मोजतात, किती शेअर चढले आणि किती उतरले. चढलेल्यांतून उतरलेले वजा करायचे आणि ती बाकी आदल्या दिवसापर्यंतच्या बेरजेत मिळवायची. अशी एक रेषा तयार होते. निर्देशांकाबरोबर तीही चढली, तर तेजी सर्वदूर पसरली आहे असे समजावे. निर्देशांक चढतो आणि रेषा उतरते, तेव्हा सारा भार थोड्यांच्याच खांद्यावर असतो. त्या ऑगस्टमध्येही सेन्सेक्स नव्या उंचीवर होता, पण लहान कंपन्यांचा निर्देशांक जानेवारीतल्या उंचीच्या खालीच होता.

अर्थात ही रेषा म्हणजे ज्योतिष नव्हे. ती ढासळल्यावरही निर्देशांक कित्येक महिने चढत राहू शकतो.

हे सारे मी अण्णांना भीतभीतच सांगितले. बी.ए.ला जाऊन पोरगा बापाला शिकवतो, असे वाटायला नको. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एका कारखान्याचा आवाज ऐकून मी सगळी गल्ली चालू आहे असं समजलो. आणि हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?"

परवा पहाटे जाग आली, तेव्हा ते अंथरुणात बसून ऐकत होते. मीही मोजू लागलो. सहा माग चालू होते. त्यांत आमचे दोन नव्हते.