परसदारची कुंभारीण

वाघ पाहावयाचा म्हणून आमचे स्नेही दरवर्षी दांडेलीच्या अरण्यात जातात आणि बहुधा सांबर पाहून परततात. आम्हांस शिकार पाहण्यासाठी बेळगावची वेस ओलांडावी लागत नाही. शहापुरातले आमचे घर जुने, कौलारू. पुढे हातभर ओटी आणि मागे घराच्या दुप्पट लांबीचे परडे. विहीर, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या केळी, जास्वंद, जाईचा मांडव. वळचणीच्या कोरड्या धुळीत मुंगीसिंहाने केलेले नरसाळ्यासारखे खड्डे आहेत. काठावरून मुंगी घसरली की तळाशी दडलेला तो किडा खालून वाळू उडवून तिला आणखी खाली आणतो. जास्वंदीवर प्रार्थनाकीटक हात जोडून बसलेला असतो. त्याच्या त्या भक्तिभावावर विश्वास ठेवणारी माशी परत जात नाही.

परंतु यंदा श्रावणात आमचे सारे लक्ष वेधून घेतले ते कुंभारणीने. काळी, पिवळ्या पायांची, आणि कंबर तर अशी की सुताच्या धाग्याने दोन किडे जोडले आहेत असे वाटावे! पावसाने उघडीप दिली की ती विहिरीच्या कठड्याजवळचा ओला तांबडा चिखल जबड्यात गोळी करून घेई आणि न्हाणीच्या भिंतीवर नेऊन लिंपी. लिंपताना बारीक ‘गुंऽऽ’ असा नाद काढी. एका रविवारी खुर्ची टाकून आम्ही मोजदाद केली. करंगळीच्या पेराएवढी एक कोठडी उभी राहावयास सव्वीस फेऱ्या लागल्या. मग ती कोळी आणू लागली.

हा नाद ऐकताच आम्हांस आमचा वर्ग आठवला. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत ही कुंभारीण आहे. नाथांनी काशीक्षेत्री १५७३ साली पूर्ण केलेल्या ‘एकनाथी भागवता’मुळे ती मराठी घराघरांत पोहोचली. भृंगी किड्याला मातीच्या घरात कोंडते, तो तिच्या भयाने तिचेच ध्यान करितो आणि अखेर तिचेच रूप पावतो, असा तो कीटकभृंगन्याय. आम्ही तो तीस वर्षे शिकविला, आणि चांगला शिकविला अशी आमची समजूत होती. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, किड्याचीच माशी झाली, तर मग माशीची अंडी कुठे जातात?” आम्ही उत्तरलो, “शास्त्राचा तास दुपारी आहे, बाळ.” वर्ग हसला. त्या वर्षात तिने पुन्हा हात वर केला नाही.

गणपतीपूर्वी न्हाणीच्या भिंतीस चुना लावावयाचा होता. घरातून आज्ञा झाली की ते मातीचे लचांड खरवडून टाका. आम्ही मुदत मागून घेतली आणि चाकूच्या टोकाने एकच कोठडी उघडली. आत चौदा कोळी होते, एकावर एक रचलेले. मेलेले नव्हते, एकाचा पाय टोचताच हलला. कुंभारीण नांगीने त्यांस लुळे करिते, म्हणून ते सडत नाहीत. त्यांपैकी एका कोळ्याच्या अंगावर तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरे, किंचित वाकडे असे अंडे होते. त्यातून निघणारी अळी ही जिवंत शिदोरी खाते, कोष विणते आणि माशी होऊन भिंत फोडून बाहेर येते. गंमत अशी की अवधूताच्या चोविसांत कोळीही आहे. म्हणजे येथे एक गुरू दुसऱ्या गुरूस आपल्या लेकरासाठी बांधून नेत होता. जाईच्या काठीवर तिच्याच जातभाईंपैकी एकीने संक्रांतीच्या सुगडासारखे बोराएवढे मडके केले होते. ती मात्र हिरव्या अळ्या भरते.

हे फ्रान्समध्ये झां आन्री फाब्र याने कधीच पाहून ठेविले होते. तोही एके काळी शाळामास्तर होता. १८७९ मध्ये त्याच्या कीटकविषयक ग्रंथाचा पहिला भाग निघाला. पुढे दहा झाले. त्याचे नाव आम्हांस ठाऊक होते. आमच्याच न्हाणीची भिंत मात्र आम्ही पाहिली नव्हती.

उघडलेली कोठडी पुन्हा मिटविता आली नाही. मुंग्या येण्यापूर्वी आम्ही ती काड्यापेटीत ठेविली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात नेली. मुले बाके सोडून भोवती जमली. एकाने विचारले, “मग नाथमहाराज खोटे बोलले काय?” आम्ही म्हणालो, “नाथांना माणसाच्या मनाविषयी सांगावयाचे होते, आणि माशीविषयी लोक जे मानीत ते त्यांनी दृष्टांतास घेतले. तुम्ही परीक्षेत न्याय लिहा, आणि घरी जाऊन भिंत पाहा.” मग त्या मुलीचा प्रश्न आणि आमचे उत्तर, दोन्ही वर्गास सांगितली. यावेळी कोणी हसले नाही. ती आता कोठे असते, हे चौकशी करूनही कळलेले नाही.

पितृपक्षात एका सकाळी उरलेल्या कोठड्यांपैकी दोहोंस वाटोळी भोके दिसली. तिसरीतून एक ओलसर काळे डोके बाहेर येत होते. आम्ही हाक मारली. सौ. हातातले पीठ तसेच घेऊन आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्या भिंतीचा चुना दिवाळीला लावू.”