तांबडी रेघ

मामांच्या लाँचीवर तीन घड्याळे होती आणि त्यांपैकी एकही वेळ दाखवीत नसे. पितळी कड्यांतली ती तीन गोल, पांढरी तोंडे सुकाणूसमोरच्या फळीवर ओळीने बसवलेली होती. जुनी जहाजे जिथे मोडीत काढीत, त्या मुंबईच्या दारुखान्यातून मामांनी ती फळीसकट विकत आणली होती. कोणा शौकीन माणसाच्या मोटरबोटीवरची ती फळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीत येऊन गरीब उतारूंच्या सेवेला लागली. आकडे शाबूत होते. पण ते कशाचे, हे सांगणारी अक्षरे केव्हाच पुसून गेली होती.

मामांची लाँच म्हणजे खाडीतली बैलगाडी, असे लोक म्हणत. तिच्यामुळे कितीकांची एस. टी. चुके. माझी तर परीक्षा चुकता चुकता राहिली. दहावीचा पहिला पेपर, केंद्र पैलतीरी, आणि समोरून ओहोट लागलेली. मी उभा राहून म्हणालो, "मामा, जरा वाढवा ना!" मामांनी एका घड्याळाकडे पाहिले आणि वेग उलट कमी केला. मी वर्गात पाऊल टाकले तेव्हा पेपर सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली होती. निकाल लागेपर्यंत मी मामांशी बोललो नाही. त्यांनी कारण सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

पुढे खाडीवर पूल झाला. लाँच झापांखाली गेली आणि काही वर्षांनी मामाही गेले. गेल्या उन्हाळ्यात मामेभावाने ती भंगारात घालायचे ठरवले, तेव्हा मामी एवढेच म्हणाली, "एकदा ती चालताना मला बघू दे. मग काय करायचे ते करा." मला शाळेची सुट्टी होती. शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या ट्रक-मिस्त्रींना हाताशी घेऊन मी कामाला लागलो.

पहिल्या घड्याळात शून्य मधोमध होते आणि दोन्ही बाजूंना तिसापर्यंत आकडे. मी डोके खाजवीत बसलो, मिस्त्री हसून म्हणाले, "गुरुजी, ही बॅटरीची जमाखर्चाची वही. काटा उजवीकडे गेला की जमा, डावीकडे गेला की खर्च."

दुसऱ्याने मात्र मिस्त्रींनाही चकवले. शून्य ते दहा अगदी चिंचोळी जागा; दहा ते वीस तिच्या जवळजवळ तिप्पट; वीस ते तीस पाचपट; तीस ते चाळीस सातपट. एक, तीन, पाच, सात! फळ्यावर हे किती वेळा लिहिले असेल! एक आणि तीन चार, त्यात पाच मिळवले की नऊ, त्यात सात की सोळा. हे तर वर्ग झाले. मागची बारीक नळी धरून आम्ही सरपटत लाँचीच्या बुडाशी गेलो. तिथे पुढे तोंड केलेले एक पितळी नळकांडे शिंपल्यांनी गच्च बुजले होते. हेन्री पितो नावाच्या फ्रेंच इंजिनियराने 1732 साली सीन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला अशीच नळी पाण्यात धरली होती. वेग दुप्पट झाला की पाण्याचा दाब चौपट होतो. म्हणून ते आकडे तसे पसरलेले. नळकांडे साफ करून मी जीव खाऊन फुंकले. आतून मिस्त्री ओरडले, "दहाला भिडली, गुरुजी!" जन्मात सात मैलांच्या वर न गेलेल्या लाँचीने जमिनीवर उभ्या उभ्या हा पराक्रम केला.

राहिले तिसरे. मामा ज्याच्याकडे पाहत ते हेच. आकडे शंभरापासून दोनशे वीसपर्यंत, आणि काचेवर एकशे चाळिसाच्या समोर एक फिकट तांबडी रेघ. त्याच्या नळीच्या टोकाला बोटाएवढी पितळी कांडी होती. ती मामीच्या चुलीवरच्या पातेल्यात सोडली आणि शेजारी शाळेतला थर्मामीटर धरला. थर्मामीटर साठावर आला तेव्हा काटा बरोबर रेघेवर होता. म्हणजे अंश फॅरेनहाइटचे.

"इतक्यातच भ्यायचे कशाला?" मिस्त्री म्हणाले. "आमच्या ट्रकाचे पाणी ऐंशीच्या वर जाते, त्याला काही होत नाही."

मामी वाकून काचेकडे पाहत होती. "ही माझी नखं रंगवायची बाटली. मुंबईहून एकदाच आणली माझ्यासाठी, आणि त्यातली निम्मी या घड्याळालाच लावली!"

उत्तर पुन्हा नळीनेच दिले. ट्रकात तेच गोडे पाणी फिरत राहते. मामांच्या इंजिनात बुडातून खाडीचे खारे पाणी शिरे आणि इंजिन निववून बाहेर पडे. ते फार तापले की त्यातले काही क्षार बाहेर पडून आतल्या वाटांना थरावर थर चिकटतात. वाटा बुजल्या की इंजिन आणखी तापते, आणि एक दिवस भर प्रवाहात जाम होते. मिस्त्रींनी इंजिनाचे झाकण उघडले. मी दगडासारखा थर पाहायच्या तयारीने वाकलो. आत नुसता पांढुरका पापुद्रा होता. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवले.

"इतकी वर्षं खारे पाणी पिऊन हे असे? गुरुजी, माणूस जपून चालवणारा होता."

मी काही बोललो नाही. त्या सकाळी लाँचीत तीस-चाळीस माणसे होती, कडेवर पोरे घेतलेल्या बाया होत्या. मला फक्त माझा पेपर दिसत होता.

दिवाळीच्या सुट्टीत लाँच पाण्यात उतरली. मामी नवे लुगडे नेसून पुढच्या फळीवर बसली. सुकाणू माझ्या हाती होते. अर्ध्या खाडीत ओहोट लागली, आणि तिसऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू चढत रेघेला टेकला. मी वेग कमी केला.

"अरे, वाढव की जरा! काय बैलगाडी चालवतोस?" मामेभाऊ मागून ओरडला.

मामीने वळून माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून ती हसली. मी मामेभावाला जवळ बोलावले, काचेवर बोट ठेवले आणि त्याला त्या रेघेचे कारण सांगितले.