सू-हा, फू-फू, झेझे

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची सुरुवातीची वर्षं हिरागाना, काताकाना आणि कांजीची चढण चढण्यातच जातात. ध्वनिशब्द पुस्तकात कुठल्याशा चौकटीत भेटतात. पावसाचा 'झा-झा', कुत्र्याचा 'वान-वान'. परीक्षा झाली की तेही मागे पडतात. पुण्याची एक तरुणीही याच वाटेने नोकरीसाठी तोक्योला गेली. व्यवहारापुरतं जपानी तिला चांगलं येत होतं. श्वासाचे शब्द मात्र पुस्तकाने दिले नाहीत; ते जसजसे प्रसंग आले तसतसे कानावर पडले.

पहिला भेटला रामेनच्या दुकानात. शेजारच्या टेबलावरची आई वाफाळत्या वाडग्यापुढे बसलेल्या लेकराला सांगत होती, "फू-फू शिते." फुंकर घाल! 'शिते' हे 'सुरु'चं, म्हणजे 'करणे' या क्रियापदाचं रूप. ध्वनिशब्दाला ते जोडलं की वाक्य उभं राहतं. त्याच फुंकरीचा एकच लांबलचक 'फूऽ' केला की दिवसभराचं काम उरकल्यावर सोडलेला निःश्वास होतो. 'फुत्तो' म्हटलं तर मेणबत्ती विझवणारी एकच आखूड फुंकर. जोडी आली की क्रिया पुन्हापुन्हा होते, स्वर लांबला की रेंगाळते, शेवटी 'त्तो' आला की झटक्यात उरकते. ऑफिसात रोज ऐकू येणारा 'होत्तो सुरु' तिला मग कुणी समजावून सांगावा लागला नाही. आपण 'हुश्श' करतो, तेच ते.

घराजवळच्या बागेत उन्हाळी सुट्टीत सकाळी साडेसहाला रेडिओ लागायचा. मुलं आणि आजी-आजोबा रांगेत उभे राहून 'राजिओ ताइसो' म्हणजे रेडिओवरची कवायत करायचे. १९२८ साली सुरू झालेली ही कवायत आज बहुतेक जपान्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. तिचा सध्याचा पहिला संच १९५१चा, आणि त्यातली तेरावी, शेवटची हालचाल दीर्घ श्वसनाची. हात वर जाताना 'सू', खाली येताना 'हा'. आत घेतलेला श्वास 'सू' आणि बाहेर सोडलेला 'हा', ही जोडगोळी तिथे पक्की झाली.

बाळंतपणात 'हि-हि-फू' आलं. दोन छोटे श्वास आणि एक लांब उच्छ्वास, ही लामाझ पद्धतीची लय. टीव्ही मालिकांमुळे प्रसूतिगृहाची पायरी न चढलेल्या जपानी माणसालाही ती पाठ असते.

बाळ घरी आल्यावर झोपेचे शब्द आले. 'सुया-सुया' म्हणजे तान्ह्या जिवाची शांत, निर्धास्त झोप. 'सू-सू' हा झोपेतला हलका, एकसारखा श्वास. 'गू-गू' म्हणजे बिनघोर घोरणं. भुकेल्या पोटातून येणारा आवाजही 'गू-गू'च. तिथे प्रसंगच अर्थ सांगतो. बैठकीत डुलकी लागलेल्या साहेबांना 'सुया-सुया' म्हटलं, तर सगळं ऑफिस हसेल.

खरी गरज पडली ती लेकराला दम्याचा त्रास सुरू झाल्यावर. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, छाती 'झेझे' म्हणते की 'ह्यूह्यू'? जपानीत छाती खरोखरच 'म्हणते'; ध्वनिशब्दापुढे 'इउ', म्हणजे 'म्हणणे', हे क्रियापद येतं. 'ह्यूह्यू' बारीक, शिट्टीसारखा. 'झेझे' जाड, खरखरीत. घोष व्यंजन आलं की आवाज जड आणि ओबडधोबड वाटतो, ही जपानी कानाची जुनी सवय. खोकल्यातही ती दिसते: 'कोन-कोन' कोरडा आणि हलका, 'गोहो-गोहो' खोल आणि दणकट. धावून लागलेली धाप मात्र 'हा-हा'. 'हा-हा' थोड्या वेळात ओसरते, 'झेझे' ऐकू आलं की दवाखाना गाठावा लागतो. वैद्यकीय अहवालात याला 'झेन्मेइ' असा भारदस्त शब्द आहे. पण बालदम्याच्या माहितीपत्रकांवर ठळक छापलेले असतात ते 'झेझे' आणि 'ह्यूह्यू'च. आईला मध्यरात्री कळायला हवं, हाच त्यामागचा हिशोब.

मराठी कानाला यातली द्विरुक्ती परकी नाही. घरघर, सळसळ, धडधड आपल्याकडे आहेतच. पण आपल्या घरघरीत शेवटाची चाहूल असते. 'झेझे'त ती नाही, ते नुसतं लक्षण आहे.

हे शब्द पोरकट मानणाऱ्यांनी दोन पुस्तकांकडे पाहावं. ओनो मासाहिरो यांनी संपादित केलेला ध्वनिशब्दांचा कोश शोगाकुकानने २००७ साली काढला; त्यात साडेचार हजार शब्द आहेत. दुसरं पुस्तक निकडीतून आलं. २०११च्या भूकंप-त्सुनामीनंतर बाहेरगावचे डॉक्टर आणि परिचारिका ईशान्य जपानमधल्या तोहोकूत पोचल्या, तेव्हा म्हाताऱ्या रुग्णांच्या बोलीतले दुखण्याचे ध्वनिशब्द त्यांना उमगेनात. म्हणून राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेने २०१२ साली त्या बोलींतल्या ध्वनिशब्दांची उदाहरणांसह पुस्तिका काढली. तोक्योत वाढलेल्या डॉक्टरलाही शब्दांची वही लागली, तिथे पुण्याहून गेलेल्या आईची काय कथा!

आता महाराष्ट्रातूनही तरुण मुलंमुली शुश्रूषेच्या कामासाठी जपानी शिकत आहेत. त्यांनी व्याकरण जरूर घोटावं. पण रात्रपाळीला जाण्याआधी 'झेझे', 'ह्यूह्यू' आणि 'हा-हा' यांतला फरक मोठ्याने म्हणून, कानाने ऐकून पक्का करावा.