जहाज भाड्यानं घेताना

वास्कोला गेलात तर सड्यावरच्या जपानी बागेपर्यंत जरूर जा. समोर अरबी समुद्र, आणि नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं. गोव्यातलं लोहखनिज वर्षानुवर्षं मांडवी-जुवारीतून बार्जनं मुरगाव बंदरात येत आलं. ते परदेशी न्यायला जहाज भाड्यानं घ्यायचं, तर त्यात बघायचं काय?

माझा मामेभाऊ शिपिंग एजंटकडे कामाला आहे. त्यानं मला एका ‘सुप्रामॅक्स’ जहाजाचा माहिती-तक्ता दाखवला. क्षमता सुमारे ५६,००० टन, पाच होल्ड, चार क्रेन. धक्क्यावर क्रेन नसली तरी हे जहाज स्वतःच माल चढवू-उतरवू शकतं. याहून कितीतरी मोठं ‘केपसाइज’ पूर्ण भरलं की सुमारे १८ मीटर पाण्याखाली जातं. मुरगावच्या धक्क्याला तेवढी खोली नाही. उरलेला माल बाहेर, खोल पाण्यात चढवावा लागतो. म्हणजे मोठं जहाज नेहमीच स्वस्त पडतं असं नाही.

आमच्या धंद्यात एक अंक चुकला तर प्रोग्रॅम अडतो. इथं जहाज एक सेंटीमीटर कमी बुडवायचं ठरलं, तर पन्नासेक टन माल मागे राहतो. खनिज इतकं जड, की वजनाची मर्यादा गाठली तरी होल्ड निम्मेही भरत नाहीत. आधी कोळसा नेलेल्या होल्डमध्ये धान्य भरायचं तर ते धुऊन, सुकवून, तपासून घ्यावे लागतात. जहाज ठरावीक मुदतीसाठी घेतलं तर इंधनाचा खर्च भाडेकरूचा, म्हणून रोज किती टन तेल लागतं तेही विचारायचं.

पण जहाज कितीही नवं असो, माल ओला असेल तर ते बुडू शकतं. खनिजाच्या भुकटीत पाणी जास्त असलं, की लाटांच्या हिंदकळ्यांनी तिचा चिखल होतो, तो एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडतं. २००९ च्या पावसाळ्यात ‘एशियन फॉरेस्ट’ मंगळूरजवळ आणि ‘ब्लॅक रोझ’ पारादीपजवळ बुडालं. दोन्हींत लोहखनिजाची भुकटीच होती.

म्हणून ओलाव्याचा दाखला लागतो, आणि शंका आली तर कॅप्टन माल नाकारू शकतो. त्याची जागच्या जागी करायची चाचणी अगदी साधी आहे. डबा अर्धा भुकटीनं भरायचा, वीतभर उंचीवरून कठीण जागी २५ वेळा आपटायचा. वर पाणी दिसलं, तर प्रयोगशाळेत पुन्हा तपासल्याशिवाय माल चढवायचा नाही. गोव्यात कितीतरी घरांत एखादा तारवटी असतो. त्याचं घरी परतणं या डब्यावरही अवलंबून असतं.